ओलं वजन

नानांची जुनी पिशवी अजून माळ्यावर आहे. खाकी कापडाची, पट्टा एकदा तुटला म्हणून सुतळीनं गाठ मारलेली. आत दोरीचं बंडल, चार लोखंडी खुंट्या, टेप, स्प्रिंगचा वजनकाटा आणि आकड्यांचे रकानेच्या रकाने छापलेली एक मळकी पुस्तिका. नाना कृषी सहायक होते. चाकूर, रेणापूर, निलंगा, परत चाकूर अशा बदल्या झाल्या आणि प्रत्येक वेळी ती पिशवी टेम्पोत न टाकता त्यांनी खांद्याला लावून नेली. लहानपणी मला वाटायचं, आपले वडील जमीन मोजतात. शाळेत तसं सांगितलंही होतं. जमीन मोजणारं खातं वेगळं, नाना जमिनीत काय पिकलं ते मोजायचे, हे पुष्कळ नंतर कळलं. आणि ते मोजणं किती अवघड असतं, हे कळायला पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी लागली.

मी स्क्रम मास्टर आहे. हे पद काय असतं ते आमच्या गल्लीत कुणाला समजावता आलेलं नाही, त्यामुळं नाना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर भागवतात. २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन लातूरला आले ती इथलीच झाले. सकाळी साडेनऊला हेडफोन चढवायचा, टीम गोळा करायची, काल कुठवर आलो, आज काय धरायचं, अडलंय कुठं, एवढं पंधरा मिनिटांत उरकायचं. नाना शेजारच्या खुर्चीत पेपर धरून ऐकत बसायचे. आठ-दहा दिवस ऐकल्यावर एकदा म्हणाले, "बाई, तुमची हजेरी लई वेळ चालायली."

"हजेरी नाही नाना, डेली स्क्रम."

"त्यात काम होतंय, का कामाबद्दल बोलणं?"

मग मी त्यांना पार रग्बीपासून सांगायला घेतलं. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी लिहिलं होतं की चांगल्या कंपन्यांत नवी वस्तू रिले शर्यतीतल्या काठीसारखी एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही, रग्बीतल्यासारखी सगळी टोळी मिळून चेंडू पुढं रेटते. रग्बीतल्या त्या रेटारेटीचा स्क्रम हा शब्द केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांनी सॉफ्टवेअरमध्ये आणला, १९९५ मध्ये ऑस्टिनच्या परिषदेत मांडला. आणि २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या एका बर्फाळ डोंगरावर सतरा जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत, दाखवत दाखवत पुढं न्यायच्या पद्धतीचा.

"सतरा जण जमले आणि एका कागदावर एकमत झालं?" नानांचा विश्वास बसेना. नोकरीत त्यांनी ग्रामसभा बघितलेल्या.

त्या जाहीरनाम्याच्या मागं बारा तत्त्वं आहेत. त्यातलं एक सांगतं, चालणारं सॉफ्टवेअर हीच प्रगतीची मुख्य मोजणी. मी हे वाक्य कित्येक वर्षं स्लाइडवर लावत आले. चालणारं म्हणजे कुणाच्या हातात चालणारं, असं मला एकाही प्रशिक्षणात कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आमचं सॉफ्टवेअर आडत दुकानांसाठी आहे. शेतकरी माल आणतो, सौदा होतो, काट्यावर वजन होतं, मग हमाली, तोलाई असे खर्च वजा करून हातात किती पडायचे त्याची पट्टी निघते. ही पट्टी हा सगळ्या व्यवहाराचा जीव. आम्ही आधी एकच टीम होतो, तोवर बरं चाललं होतं. मग माणसं वाढली आणि सात टीम झाल्या: सौद्याची वेगळी, काट्याची वेगळी, पट्टीची, खातेवहीची, मोबाइलची, अशा. सात चुली झाल्या की घरात जे होतं ते झालं. काट्याच्या टीमनं वजन तीन दशांशांपर्यंत पाठवायला सुरुवात केली, पट्टीची टीम दोनच धरून बसली होती, आणि एका रविवारी रात्री गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले की कट्ट्यांचा, म्हणजे पोत्यांचा, हिशोब जुळेना. दोन्ही टीमचं काम आपापल्या बोर्डावर "झालं" या रकान्यात होतं.

अशा वेळी कंपन्या अनेक टीमना एकत्र चालवायची मोठी चौकट आणतात. बाजारात ती तयार मिळते. डीन लेफिंगवेल यांची सेफ २०११ साली आली. तिच्यात पन्नास ते सव्वाशे माणसांची एक "ट्रेन" करतात आणि आठ ते बारा आठवड्यांचं नियोजन सगळ्यांनी एकत्र बसून करायचं असतं. क्रेग लारमन आणि बास वोडे यांची लेस आठ टीमपर्यंत एकच बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची एकच यादी, ठेवायला सांगते. श्वाबर यांची नेक्सस तीन ते नऊ टीमसाठी आहे. आम्ही नेक्सस घेतली. सात टीमना ती बसत होती, आणि तिची पुस्तिका पातळ होती. हे दुसरं कारण मी कुठल्या स्लाइडवर लिहिलं नाही.

नेक्ससनं आमचं भलं केलं, हे आधी सांगून टाकते. सात वेगळे डेमो बंद झाले. स्प्रिंटच्या, म्हणजे दोन आठवड्यांच्या टप्प्याच्या, शेवटी सातांचं काम जोडून एकच वस्तू दाखवायची, असा तिचा दंडक आहे. दशांशाचं भांडण दुसऱ्याच स्प्रिंटला उघडं पडलं. ह्या चौकटींना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या बहुतेकांनी सात टीमचं काम एका शुक्रवारी जोडून बघितलेलं नसतं.

पण मोजायचं काय, हे त्या पातळ पुस्तिकेनं आमच्यावर सोडलं होतं. आम्ही हाताशी होतं ते मोजलं.

हाताशी होती वेलॉसिटी. कामाच्या प्रत्येक तुकड्याला टीम अंदाजानं पॉइंट देते: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. दोन आठवड्यांत किती पॉइंट संपवले ती त्या टीमची वेलॉसिटी. खरं तर स्क्रम गाइडमध्ये हा शब्द नाही, स्टोरी पॉइंटही नाहीत. टीमला आपल्यापुरता अंदाज बांधायला ही सोय बरी, पण आम्ही ती भिंतीवर टांगली. त्या आकड्यांच्या ओळीला जग फिबोनाचीचं नाव देतं. आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र हे जुने पंडित छंदांच्या मात्रा मोजता मोजता त्याच्या आधीच तिथं पोचले होते. मात्रा मोजणाऱ्यानं पाचाच्या आठ केल्या तर वृत्त मोडतं. आमच्यात पाचाचे आठ केले तर काही मोडत नव्हतं, उलट आलेख चढत होता.

तो डॅशबोर्ड मीच बांधला होता. पुण्याच्या ऑफिसात लिफ्टसमोर मोठ्या स्क्रीनवर सात रेघा, सातही वर जाणाऱ्या. आमचे डिलिव्हरी हेड पाहुण्यांना तिथं थांबवून दाखवायचे. एका दिवाळीच्या तोंडावर काट्याच्या टीमची रेघ खाली आली. दोघं सुट्टीवर, एक तापानं झोपलेला, दुसरं काही कारण नव्हतं. पुढच्या प्लॅनिंगमध्ये एका कामाला सगळ्यांनी पाच धरले तेव्हा मी म्हणाले, "पाचात होईल का हे? आठ धरू या की." कुणी खोटं बोललं नाही. मीही नाही. मला त्या पोरांची रेघ सांभाळायची होती. त्याच तिमाहीत काही जुन्या दुकानांनी आमच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचं नूतनीकरण केलं नाही, पण तो आकडा दुसऱ्या मजल्यावर, विक्रीवाल्यांच्या स्क्रीनवर होता.

हे सगळं मी नानांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "दोरी कलली," एवढंच म्हणाले.

दोरी कलणं म्हणजे काय, ते मी बघितलेलं होतं. सातवीत असेन. दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन काढणीला आलं होतं आणि नाना मला मोटारसायकलवर मागं बसवून पीक कापणीच्या प्रयोगाला घेऊन गेले. कुठल्या गावात, कुठल्या गट नंबरात कापणी करायची ते वरून ठरून आलेलं असतं. नानांनी ठरवायचं नाही, शेतकऱ्यानं नाही आणि तलाठ्यानंही नाही. शेतात गेल्यावर तुकडा कुठला घ्यायचा, तेही मर्जीवर नसतं. नाना रानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहिले, ती मळकी पुस्तिका उघडून तिच्यातले दोन आकडे घेतले, आणि एका आकड्याइतकी पावलं लांबीकडं, दुसऱ्याइतकी रुंदीकडं टाकत गेले. पावलं संपली तिथं खुंटी. खुंटी नेमकी सखल जागी पडली. पाणी साचून झाडं खुरटलेली, पिवळी.

शेतकरी खूश झाला. "इथंच बरंय साहेब." पैसेवारीचा, म्हणजे गावात पीक किती पैसे आलं त्या सरकारी अंदाजाचा, हिशोब त्याला पाठ होता. गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली आली तर दुष्काळाच्या सवलती लागतात. पण त्याचे वडील बांधावर बसले होते, ते काठी टेकत उठले. "इथं नगं. आमच्या रानाला कुणी नाव ठिवलं न्हाई आजवर. तिकडं घ्या, दहा हातावर, कंबरंएवढं हाय." बापलेकांची चांगलीच जुंपली. एकाला रान गरीब दिसायला हवं होतं, दुसऱ्याला अब्रूदार. नानांनी दोघांचं ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पावलं संपली तिथं खुंटी."

मग चार खुंट्यांभोवती दोरी ताणली. खरी गंमत दोरीवर सुरू झाली. झाडं काही दोरी बघून उगवत नाहीत. काही बाहेर उगवून आत वाकलेली, काही आतली बाहेर पसरलेली. कापणाऱ्या बाईचा विळा आपसूक दोरीवरच्या झाडाकडं जायचा. नाना गुडघ्यावर बसले आणि दोरीच्या कडेकडेनं पाला बाजूला करत सरकत गेले. "हे मूळ कुठंय? आत. घ्या. हे? बाहेर. सोडा." शेंगांनी लगडलेलं एक झाड पूर्ण आत ओणवलेलं होतं, मूळ मात्र चार बोटं बाहेर. नानांनी ते हातानं उचलून दोरीपल्याड टाकलं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला ते सगळं फार रटाळ वाटलं होतं.

तिथंच बडवून, पाखडून दाणे काट्याला लावले. नानांनी आकडा लिहिला आणि त्यातले थोडे दाणे एका कापडी पिशवीत घालून वर चिठ्ठी बांधली. ती पिशवी आमच्या गच्चीवर कितीतरी दिवस उन्हात होती. आईला तिला हात लावायची बंदी. "काट्यावरचं वजन ओलं असतंय," नाना सांगायचे. "वाळल्यावर काय राहतंय ते उत्पादन." तोवर गावातलं कुणी विचारायला आलं तरी ते आकडा सांगत नसत.

ह्या दोरीवर एका मराठी माणसानं जगाला शिकवलेली गोष्ट आहे. नानांनी त्याचं नाव परभणीला कृषी विद्यापीठातल्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, पुढचं मी शोधून वाचलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० च्या दशकात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पिकांचे अंदाज शास्त्रशुद्ध कसे काढायचे या कामाला लागले. तेव्हा तिकडे बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान लहान तुकडे कापून अंदाज काढत होते. लहान तुकडा स्वस्त पडतो, लवकर होतो, पुष्कळ ठिकाणी करता येतो. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये "नेचर" नियतकालिकात दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं. गोम काठावर आहे. एक मीटर बाजूचा चौकोन घेतला तर एका चौरस मीटरमागं चार मीटर काठ येतो. दहा मीटर बाजूचा घेतला तर चाळीस सेंटिमीटर. आणि काठावरचं झाड माणसाचा हात आत ओढतो. लबाडी असायलाच पाहिजे असं नाही. हात तसा असतो.

हे वाचलं त्या रात्री मी उठून लॅपटॉप उघडला. तीन दशांशांची ती भानगड शोधून काढली. ती दुरुस्त केल्याचे पॉइंट काट्याच्या टीमनं घेतले होते, पट्टीच्या टीमनंही घेतले होते, आणि मोबाइलच्या टीमनं स्क्रीनवर आकडा नीट दिसतो हे तपासल्याचे तीन पॉइंट वेगळे. लिफ्टसमोरच्या स्क्रीनवर त्यांची बेरीज. दुकानदाराला मिळालं एवढंच की आधी बरोबर होती ती पट्टी परत बरोबर झाली. सात लहान तुकडे, सातांचा आपापला काठ, आणि काठावरचं प्रत्येक झाड दोन-दोन, तीन-तीन जणांनी आत ओढलेलं. नेक्ससनं आमचं काम जोडलं होतं, मोजणं आम्ही सुटंच ठेवलं होतं.

श्वाबर यांच्याच स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेनं पुराव्यावर आधारित व्यवस्थापनाची एक मांडणी केलेली आहे, तिला एव्हिडन्स बेस्ड मॅनेजमेंट म्हणतात. मी तिचं प्रमाणपत्र घेऊन दोन वर्षं झाली होती आणि ते लिंक्डइनवर छान दिसत होतं. ती चार बाजूंनी बघायला सांगते. आज गिऱ्हाइकाला आपल्यापासून काय मिळतंय, ही करंट व्हॅल्यू. मिळू शकलं असतं पण अजून मिळत नाही, ही अनरिअलाइज्ड व्हॅल्यू. सुचल्यापासून त्याच्या हातात पडेपर्यंत किती दिवस जातात, हा टाइम टू मार्केट. आणि नवं काही करायला आपल्या अंगात ताकद उरलीय का, का सगळी माणसं जुन्या चुका निस्तरण्यातच गुंतलीत, ही अ‍ॅबिलिटी टू इनोव्हेट. पॉइंट किती संपवले, हा प्रश्न चारही बाजूंना नाही. शेवटच्या दोन बाजू आम्हाला फारशा जड गेल्या नाहीत. किती वेळा रिलीज करतो, रिलीज किती वेळा बिघडतं, बिघडलेलं किती वेळात सावरतं, हे यंत्रातूनच निघतं. पहिल्या दोनसाठी मात्र उठून जावं लागतं.

मी उठून गेले, घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर, लातूरच्या मार्केट यार्डात. एवढी वर्षं लातुरात बसून आडतीचं सॉफ्टवेअर करत होते आणि सौदा चालू असताना यार्डात पाऊल ठेवलं नव्हतं, हे लिहायलाही लाज वाटते. गेले ते एका गोष्टीमुळं. आमच्या आकड्यांत एक चांगलं दुकान होतं, दिवसाची एकूण एक पट्टी सिस्टिममध्ये. पण नोंदींच्या वेळा बघितल्या तर सगळ्या रात्री नऊ ते अकराच्या. सौदा तर दुपारी होतो.

हमाल कट्टे मोजत होते. पहिल्या कट्ट्याला कुणी एक म्हणत नव्हतं, "लाभ, दोन, तीन..." मुनीमकाका गादीवर मांडी घालून बसलेले, समोर कार्बन घातलेलं पट्टीबुक. शेतकरी उभा. काट्यावरून चिठ्ठी आली, काकांनी ओठ हलवत हिशोब केला, झरझर लिहिलं, फाडून दिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. कॉम्प्युटर शेजारीच सुरू होता, त्याच्यावर आमची स्क्रीन उघडी, तिच्यापुढं चहाचा कप.

"काका, ह्याच्यात का नाही करत?"

"ताई, माणूस समोर उभा असतोय. त्याला गाडी धरायची असतीय. तुमचं मशीन आधी गाव विचारतंय, मग तालुका, मग मोबाइल, मग आधार. वजनाला पोचूस्तोवर त्याची गाडी जाती."

"मग रात्री?"

"रात्री जेवून येतो आणि दिवसभराच्या भरतो. मालकाच्या पोरानं सांगितलंय, समदं मशीनमध्ये पायजे."

मी बसून मोजले. वजनाच्या आधी अकरा रकाने. प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या टीमनं घातलेला, त्याचे पॉइंट घेतलेले, त्याचा डेमो झालेला, त्यावर टाळ्याही झालेल्या. आमच्या लेखी हे दुकान शंभर टक्के वापरणारं. प्रत्यक्षात म्हाताऱ्या माणसाला आम्ही रोज रात्री दोन तासांची जादा पाळी लावली होती. ओलं वजन.

पुढच्या रिव्ह्यूत मी सात रेघा दाखवल्या नाहीत. एक फोटो दाखवला, पट्टीबुकाचा, आणि एकच मोजमाप मांडलं: काट्यावरची चिठ्ठी आल्यापासून शेतकऱ्याच्या हातात आपल्या सिस्टिममधली पट्टी पडेपर्यंत किती वेळ. दूरचं ध्येय असं की पट्टीबुक कपाटात जावं. मधलं असं की लातूरच्या यार्डात निदान काही दुकानांत ते दुपारी बंद राहावं. लगेचचं, ह्या स्प्रिंटचं: वजन आधी, बाकीचं मागून. बरोबर एक वाक्य लिहून ठेवलं, "रकाने मागं सारले तर पट्टी समोरच होईल असं आम्हाला वाटतं." खरं ठरतं का ते दोन आठवड्यांनी यार्डात जाऊन बघायचं.

चौकट नसती तर मुनीमकाकांचा एक रकाना एका टीमनं काढला असता आणि दुसरीनं घातला असता. मोजणं नसतं तर सातही टीमनी मिळून, वेळेवर, बारावा रकाना घातला असता.

गोड गोड चालल्याचं मात्र सांगणार नाही. रकाने काढायला पॉइंट मिळत नाहीत. सातही रेघा खाली आल्या आणि हेडसाहेबांचा फोन आला की पाहुण्यांना काय दाखवायचं. दोन मॅनेजरांचं इन्क्रिमेंट त्या रेघांवर होतं, ते अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. आणि नवं मोजमाप भिंतीवर गेल्यावर महिनाभरात एका टीमनं सुचवलं की घड्याळ चिठ्ठी आल्यापासून कशाला, मुनीम स्क्रीन उघडतो तेव्हापासून सुरू करू या. मोठा शहाणा युक्तिवाद होता. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे म्हटलं, ते यार्डातही लागू आहे: ज्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकाल, तो विश्वासाचा राहत नाही. पीकविम्यात नानांनी हेच बघितलं. २०१६ पासून पंतप्रधान पीकविमा आला, मागच्या वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली पीक आलं की भरपाई मिळते तो आकडा, ठरायला लागलं, आणि कापणीच्या दोरीला एकीकडून शेतकऱ्याचा हात लागला, दुसरीकडून कंपनीच्या प्रतिनिधीचा. तिथं एकाला आकडा कमी हवा असतो, एकाला जास्त, निदान ओढाताण तरी होते. ऑफिसात सगळ्यांचे हात एकाच बाजूनं. घड्याळ मी चिठ्ठीपाशीच ठेवलं.

सरासरी कुठल्या दुकानांवरून काढायची, ह्याचाही एक घोळ होता. आमच्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला की अतिवृष्टी धरतात, पण पर्जन्यमापक मंडळात एका जागी असतो आणि ढग त्याला विचारून फुटत नाही. शेजारच्या शिवारात माती वाहून जाते आणि मापकात निम्मंही भरत नाही. आमचा मापक कुठं होता? जिथं चहा बरा मिळतो, मालक हसून बोलतो, मुनीम तरुण आहे, अशा दुकानांत. टीमला कुठं जायचं विचारलं की तीच नावं यायची. तेव्हा मी परवाना घेतलेल्या सगळ्या दुकानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, स्टीलच्या डब्यात घातली, आणि नानांना एक काढायला सांगितली. त्यांनी डोळे मिटून काढली. चिठ्ठी बघून मी म्हणाले, "उदगीर आलंय, दुसरी काढा, तिथलं ते दुकान..." आणि मीच गप्प झाले. नाना माझ्याकडं बघत होते.

एसटीनं नळेगावमार्गे उदगीरला गेले. दुकानाबाहेर तुरीचे कट्टे, आत मालक, मुनीम, एक मांजर. कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल घातलेला, वर देवाच्या चित्राची दिनदर्शिका टेकवून ठेवलेली. मी कुठून आले ते सांगितल्यावर मालकांनी अगत्यानं रुमाल काढला. स्क्रीनच्या कोपऱ्यावर हळदी-कुंकवाची वाळलेली बोटं होती. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डच्या खाली. उघडून बघितलं तर सिस्टिममध्ये एकच नोंद, मागच्या दिवाळी पाडव्याची.

"वहीपूजनाला मुहूर्ताची पट्टी केली होती ताई," मालक म्हणाले. "लाभ केला."

त्याच्यापुढं दोनही नव्हतं. परवान्याचे पैसे दर वर्षी न चुकता भरलेले, त्यामुळं आमच्या हिशोबात हे दुकान चालू गिऱ्हाईक होतं. का वापरत नाही विचारलं तर मुनीम म्हणाले, वापरायचं राहिलं. तक्रार काहीच नव्हती. मला तक्रार मिळाली असती तर बरं वाटलं असतं. मी तासभर बसून त्यांचं काम बघितलं, वहीत टिपलं, तुरीचे भाव ऐकले आणि पाचची गाडी धरली.

घरी आले तर नाना जेवायचे थांबले होते. "दोरी कुठं पडली?"

"पडीक रानात."

"मग पुढचा गट घ्यायचा," ते भाकरी मोडत म्हणाले. "पीकच नसलं तर तिथं कापणी होत नाही. तसा नियमच आहे."

"आमच्यात तो सोडता येत नाही नाना. तिथं काय आलं असतं, ते पण मोजायचंय."

त्यांचा घास हातात राहिला. बराच वेळ विचार करून म्हणाले, "पेरलंच नाही, ते वाळवणार कसं?"

मला सांगता आलं नाही. सकाळी साडेनऊला हेडफोन लावायच्या आधी मी बोर्डावर सगळ्यात वर एक नवं कार्ड लावलं. त्यावर लिहिलं, "उदगीर, लाभ." पॉइंटचा चौकोन मोकळा ठेवला.